कान पिळायला भाऊ हवा

स्लाऊ
शनिवार, १९ ऑगस्ट २००६

प्रिय अवधूत,

चौदा मेच्या रविवारी दुपारी तू फ्रिजवर पाहुण्यांची यादी लावलीस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. दहाच नावं होती. हॉटेलवाल्यांना कोण कोणाचं कोण हे लिहून हवं होतं म्हणे, म्हणून प्रत्येक नावापुढे नातं. आठवं नाव माझं, आणि त्यापुढे अक्षयानं तिच्या गोल गोल इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं, 'वधूचा भाऊ'. शेजारी एक हसरा चेहरा काढला होता. तू दूध काढायला फ्रिज उघडलास, दारासकट ती यादी माझ्या नाकासमोर आली आणि तू म्हणालास, "काय मेव्हणे, कान कसा पिळायचा त्याची प्रॅक्टिस सुरू करा." मी हसलो. तेव्हापासून तीन महिने मी हसतोय आणि आज मला त्या प्रत्येक हसण्याची चीड येतेय. वर 'प्रिय' लिहिलंय ते सवयीनं. खोडत नाही, पण त्याच्यावर फार जाऊ नकोस.

तू आज लीड्सला, अक्षयाच्या आईवडिलांकडे केळवणाला गेलायस. उद्या संध्याकाळी येशील तेव्हा हे पत्र किटलीखाली सापडेल. तोंडावर बोललो असतो, पण गुरुवारी बोलायला गेलो तर काय झालं ते तुला माहीत आहे. एक प्लेट फुटली आणि खालच्या चिप शॉपवाल्यानं छताला झाडू ठोकला. लिहिताना निदान काही फुटत नाही.

आधी तुझ्या त्या बीचबद्दल बोलतो, कारण त्याचा राग यायला मला कुणाची परवानगी लागत नाही. टोबॅगो! नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जातं एवढंसं बेट. तिथे ना तुझा कुणी काका, ना तिचा कुणी मामा. तीन दिवस आधी जाऊन राहायचं, मग सरकारी बाई येणार, सह्या घेणार, आणि दोन माडांच्या मधे बांधलेल्या पांढऱ्या झालरीखाली तुम्ही दोघं अनवाणी उभे राहणार. हळद नाही, कारण हॉटेलच्या टॉवेलांना डाग पडतात. होम नाही, कारण बीचवर जाळ करायला बंदी. भटजी नाही, मंगलाष्टकं सीडीवर. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या, त्याही पॅकेजमधल्याच. एकेक गोष्ट तुम्ही पेननं काट मारत गाळलीत, मी समोर बसून बघितलंय. आणि ठेवलंत काय? कानपिळी! का, तर अक्षयानं कुठल्याशा मावसबहिणीच्या लग्नात नवऱ्याचा कान पिळताना बघितलं होतं आणि तिला ते 'सो क्यूट' वाटलं होतं. माझ्या बहिणीला त्रास दिलास तर याद राख, असा दम द्यायला नवरीला भाऊ लागतो. तिला भाऊ नाही, म्हणून मी. अख्खं लग्न गाळून तुम्ही नेमकं तेवढंच ठेवलंत जे माझ्या गळ्यात येणार होतं.

पण गुरुवारी मी यातलं काहीच बोललो नाही. बोललो ते तुझ्या आईबद्दल. जूनमध्ये सुहासिनीकाकूंच्या पायात रक्ताची गुठळी सापडली आणि डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने विमानात बसायचं नाही. मला वाटलं, झालं, आता तारीख पुढे जाईल. डिसेंबर, जानेवारी, कधीही करा, समुद्र काय आटतोय? तू काय केलंस? यादीतलं पहिलं नाव खोडून त्या जागी ऑफिसातला रवी लिहिलास आणि म्हणालास, "आईला डीव्हीडी दाखवू." डीव्हीडी, अवधूत! काका गेल्यावर ज्या बाईनं बर्मिंगहॅमच्या शाळेत पोरांना जेवण वाढून तुला शिकवलं, नऊ वर्षांचा मी तुमच्या शेजारी राहायला आलो तेव्हा तुझ्याबरोबर माझाही डबा भरला, तिनं मुलाचं लग्न सोफ्यावर बसून, हातात रिमोट धरून बघायचं? मी तुला काय काय म्हणालो ते पुन्हा लिहीत नाही. तू भांडी घासत होतास. मागे न वळताच म्हणालास, "परीक्षित, तू एवढा का चिडतोस? आई चिडली नाहीये." तेव्हा माझ्या हातातली प्लेट गेली. सुटली असं मी तुला सांगितलं. सुटली नाही, फेकली.

काल मी गोडाऊनला फोन करून आजारी आहे म्हटलं आणि सकाळच्या ट्रेननं बर्मिंगहॅमला गेलो. काकूंना बरोबर घेऊन तुझ्याशी भांडायचं, अगदी ठरवून. काकू पायात तो घट्ट मोजा घालून, पाय स्टुलावर ठेवून गवार मोडत बसल्या होत्या. मी अर्धा तास बोललो. तुला नालायक म्हणालो, आईला विसरलेला म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, तारीख हलवू नकोस हे मीच त्याला सांगितलं. तीनदा विचारलं त्यानं. तिसऱ्यांदा तर मी फोनच ठेवून दिला." मग त्यांनी सांगितलं, आणि हे त्यांनी तुलाही सांगितलंय का मला माहीत नाही. हॉलमध्ये लग्न झालं असतं तर काकांच्या बहिणी आल्या असत्या, आणि तुला ओवाळायच्या वेळी त्यांनी काकूंना बाजूला बसवलं असतं. हसत हसत, "वहिनी, तुम्ही आराम करा," म्हणत. काकूंनी खालमानेनं ऐकलं असतं आणि तू तिथेच भांडण काढलं असतंस. समुद्रावर बाजूला बसवणारं कुणी नसणार, म्हणून त्यांनी बीचला पहिल्या दिवशीच हो म्हटलं. "मी जाणारच होते रे, पण पाय आडवा आला. आता माझ्या पायासाठी पोरांनी थांबायचं? सहा महिन्यांनी माझा दुसरा पाय आडवा येईल!"

हे तू मला गुरुवारी सांगितलं असतंस तर एक प्लेट वाचली असती. पण तू सांगत नाहीस. शिव्या खातोस आणि भांडी घासतोस. तुझ्या या चांगुलपणाचा मला किती संताप येतो, तुला कल्पना नाही. तू थोडा जरी हलकट असतास ना, तर माझं आयुष्य सोपं झालं असतं.

मी हट्टानं म्हटलं, मग दोन सप्टेंबरला मी इथे येतो, तुमच्याजवळ बसतो. काकू म्हणाल्या, "मुळीच यायचं नाही. शेजारच्या चार बायका मी जेवायला बोलावल्यात. आम्हाला हसायचंय, बोलायचंय. तू तोंड पाडून बसशील." आणि गवारीची ताटली बाजूला ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माझ्या नावानं भांडू नकोस, परीक्षित. तुझं भांडण आहे ना, ते तुझ्या नावानं भांड." मी म्हटलं, माझं कसलं भांडण? त्या म्हणाल्या, "अक्षया आधी तुझ्या ओळखीची होती ना रे?" बस, एवढंच. मी चहा न घेताच उठलो. ट्रेनमध्ये सगळा वेळ दात आवळून बसलो होतो. समोरच्या म्हातारीनं जागा बदलली.

तर आता माझ्या नावानं. लीड्सला कॉलेजच्या पहिल्या वर्षी फुटबॉल खेळताना माझा घोटा गेला, ते तुला माहीत आहे. हॉस्पिटलमध्ये निळ्या युनिफॉर्मातल्या एका शिकाऊ फिजिओनं तो दाबला, मी "आई गं" म्हणून ओरडलो, आणि ती एकदम थांबून म्हणाली, "तू मराठी आहे? तुझी पाय खूप सुजला." सहा आठवडे मी तिच्याकडे व्यायामाला गेलो. चौथ्या आठवड्यातच पाय बरा झाला होता. दोन आठवडे मी लंगडण्याचं नाटक केलं. नंतर आम्ही नुसतेच भेटायला लागलो. दर बुधवारी, तिच्या क्लिनिकनंतर. ती आईशी बोलता यावं म्हणून माझ्याशी मराठी बोलायची, चुकली की स्वतःच्या कपाळावर टिचकी मारायची. मी कधी काही बोललो नाही. बुधवार संपू नये, एवढंच डोक्यात असायचं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिला इकडे, स्लाऊजवळ नोकरी लागली. आणि त्याच महिन्यात मी कॉलेज सोडलं. आता तरी जोडून बघ. तुला सांगितलं, इंजिनिअरिंगमध्ये मन लागत नाही. बाबांनाही तेच. बाबा अजून फोनवर मला फक्त हवामान विचारतात. तू मात्र एक शब्द विचारला नाहीस. अडगळीच्या बॉक्स रूममधले तुझे खोके काढून मला गादी टाकून दिलीस, ट्रेडिंग इस्टेटवरच्या गोडाऊनमध्ये काम बघून दिलंस. आणि मी गाढव, दोनच आठवड्यांत तिला या घरी जेवायला बोलावलं. वरण मी केलं होतं. वाढलंस तू. ती तुला म्हणाली, वरण छान झालंय.

पुढचं सगळं तुला पाठ आहे, एक गोष्ट सोडून. ती तू विसरला असशील. ऑक्टोबरमध्ये सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये तू गाडी सुरूच करेनास. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणालास, "खरं सांग. अक्षयाबद्दल तुझ्या मनात काही आहे का? असेल तर मी आत्ता मागे होतो. पुन्हा विषय काढणार नाही." आणि तू खरंच झाला असतास मागे, हेच मला सहन होत नाही. पिशव्या माझ्या मांडीवर होत्या, गोठवलेल्या मटारचं पाकीट जीन्समधून गार लागत होतं, आणि मी म्हणालो, "छे रे! ती मला बहिणीसारखी आहे." कुणी सांगितलं होतं मला एवढं बोलायला? नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तू मला मिठी मारलीस, मटारासकट.

हा मोठेपणा नव्हता, अवधूत. काकूंना वाटत असेल मी तुझ्यासाठी त्याग वगैरे केला. कसला त्याग? मला भीती वाटली. तू मागे झाला असतास, मी तिला विचारलं असतं, आणि तिनं मला नाही म्हटलं असतं तर? कॉलेज सोडलेला, दिवसभर मालाचे पॅलेट हलवणारा, मित्राच्या बॉक्स रूममध्ये झोपणारा मी. तू समोर असेपर्यंत मला तिला न विचारताच हरता येत होतं. पण तू ते वाक्य तिला जाऊन सांगितलंस, आणि तिला इतका आनंद झाला की भाऊबीजेला ती ताट घेऊन आली. नेटवर बघून सगळं मांडलं होतं तिनं, सुपारीसुद्धा मिळवली होती. तिनं मला ओवाळलं. तू फोटो काढलास, वर म्हणालास, "मेव्हणे, जरा हसा." मी ओवाळणीत तिला मोत्याचे कानातले घातले. ते मी लीड्सला असतानाच घेऊन ठेवले होते, वेगळ्या कारणासाठी. लग्नात ती तेच घालणार आहे, भावानं दिलेत म्हणून.

आता समजलं, हे पत्र कशासाठी आहे? मी तिचा भाऊ नाही आणि दोन सप्टेंबरला मी टोबॅगोला येणार नाही. तिथे सगळ्यांसमोर तुझा कान माझ्या हातात आला तर मी तो गमतीत पिळणार नाही, एवढं मला कळतं. तुमचं लग्न मोडावं म्हणून लिहीत नाहीये. मोडावं असं वाटतं का? वाटतं. दिवसातून दोनदा तरी वाटतं, आता खोटं कशाला बोलू. पण तिला तू हवा आहेस. तिनं मला कधी तसं बघितलंच नाही, आणि त्याचा राग तुझ्यावर काढण्यात अर्थ नाही हे लिहितानाही तुझ्यावरच निघतोय. अक्षया विचारेल, परीक्षित का नाही आला. आजारी आहे म्हण, रजा मिळाली नाही म्हण, सुचेल ते म्हण. इतके दिवस खोटं मी बोललो, या वेळचं तू बोल. नाहीतर हे पत्र तिला दे, ती सावकाश वाचेल, पण वाचेल. काय करायचं ते तुझं तू ठरव, मला सांगू नकोस. बॅग भरून झाली आहे. कुठे जायचं ते स्टेशनवर गेल्यावर बघेन. किल्ली लेटरबॉक्समधून आत टाकतो. हा मी निघालो, दार लावून घेतो.

तुझाच, कितीही चिडलो तरी,
परीक्षित