कोरफडीचा पिवळा चीक

मंगळवार, संध्याकाळ, दिवा पूर्व

बाबांचा पाय ठीक आहे. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

परवा चप्पल घासून त्यांच्या घोट्याचं सालटं निघालेलं. शुगरवाल्या माणसाची जखम, तरी मी शहाणीने खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीतली कोरफड कापली आणि लगेच गर चोळला. नळाला पाणी नसताना तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जगलेलं झाड, माझा त्याच्यावर फार विश्वास. पानातून पिवळा चीक गळताना दिसला होता मला. पुसला का नाही?

आज सकाळी घोटा लालभडक, सुजलेला. ऑफिसला दांडी मारून त्यांना दवाखान्यात नेलं. रिक्षात डोक्यात एकच, पाय गेला तर?

डॉक्टरबाईंनी नीट पाहिलं. "जखम स्वच्छ आहे. ही लाली कोरफडीच्या चिकाची, उतरेल. पण शुगर असताना जखमेवर घरचं काही लावायचं नाही. कोणी लावलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मीच."

बाहेर येऊन विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"अगं, चीक आधी गळू द्यायचा असतो, मला ठाऊक होतं. तुझी आई पान उभं करून ठेवायची. पण तू इतक्या मायेनं लावत होतीस, मध्ये बोलवेना. मग चूक माझीच ना?"

मी भर रस्त्यात ओरडले, "पायापेक्षा माझं मन मोठं का?"

बाबा माझा हात धरून रिक्षा स्टँडकडे निघाले, जरासुद्धा न लंगडता.