तळ्याभोवतीचा बाण

तीर्थरूप बाबा,
तुमच्या पायांना हात लावतो, ऑपरेशनचा गुडघा सोडून.

मी ठणठणीत आहे. काम हलकं आहे. रानातल्या पायवाटेवर झाडांवर पिवळे बाण रंगवायचे, म्हणजे फिरायला येणारी माणसं चुकत नाहीत. वाट ताटासारखी सपाट. दोन तळी, तीन गावं, चढ नावाला नाही. तरी ही मंडळी पाठीला पिशव्या आणि हातात काठ्या घेऊन अशी निघतात, जसा काही डोंगरच चढायचाय. तासाभराने बाकावर बसून एकमेकांचं कौतुक करतात. आई पाण्यासाठी रोज याहून जास्त चालते, तिला कोणी शाबास म्हटलेलं मी ऐकलं नाही.

अक्कल तर विचारूच नका. परवा तळ्याकाठी माझा एक बाण उलटा निघाला. सगळे तळ्याला फेऱ्या घालत बसले, एकानेही विचारलं नाही. त्यात तुमच्या वयाचा एक म्हातारा होता, लंगडत चाललेला. मी पळत जाऊन चूक सांगितली, तर म्हणतो, "बरं झालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने एकच फेरी सांगितली होती, तुझ्यामुळे तीन झाल्या."

ताई लिहिते, तुम्ही दोन महिने खाट सोडत नाही आणि डॉक्टरलाच वेडा ठरवता. जेवण तरी जातं का?

मी तिला कळवलंय, खाटेपासून फाटकापर्यंत खडूने बाण काढ. तुम्ही या लोकांपेक्षा शहाणे आहात, मला माहीत आहे. पण एकदा त्यांच्यासारखं बिनडोक होऊन बघा.

तुम्ही ज्याच्या पायाला भिंगरी आहे म्हणता, तो
तुमचा धाकटा