धरून ठेवणारं प्रथिन

३ जून
...टाकी भरली, दूध तापवलं, यांचा सदरा पिळून दोरीवर टाकला आणि आत येऊन बघते तर हे खुर्चीतच गेलेले. कपातला चहा अजून कोमट होता. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून लेकीला मीच सांभाळते. तिने फार मनाला लावून घेतलंय. मी ठीक आहे.
काल ती म्हणाली, दूरच्या शहरात पेशींच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळतेय, पंधरा तारखेपर्यंत होय की नाही ते कळवायचंय. मी म्हटलं, खुशाल जा. मग गुडघा दुखायला लागला. योगायोग.

४ जून
ठरलं. तिचा विषय शिकायचा. घरातच बोलायला माणूस मिळालं तर पोरगी इतक्या लांब कशाला जाईल? माझी शाळा सातवीत सुटली, पण हे पुस्तकं बांधायचे आणि बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक आधी मी वाचायची. पेशी ती केवढीशी. तिच्या पुस्तकाची रोज दहा पानं.

५ जून
अर्धं पान. चष्मा जुना झालाय.

७ जून
समजलं. पेशीला बाहेरून निरोप येतो. आत एक प्रथिन तयारच असतं, पण दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. केंद्रकात शिरायला अंगावर एक खूण लागते, नेमकी तीच झाकून बसतं. निरोप पोचला की या धरणाऱ्याचा निकाल लागतो. पहिलं सुटतं, केंद्रकात जातं आणि गप्प बसलेल्या जनुकांना कामाला लावतं.
मला धरणाऱ्याचं पटलं. बिचारं काळजीपोटीच करत असणार. लेकीला तसं सांगितलं. ती नुसती बघत राहिली. थक्क झाली असावी.

८ जून, संध्याकाळ
खालच्या शिंपीणबाईंना सगळं समजावलं. त्यांनी तोंडातली टाचणी काढून विचारलं, अहो ताई, मग तुमच्या घरात धरून बसलंय ते कोण? मी म्हटलं, आमच्याकडे तसलं कुणी नाही. त्या हसत सुटल्या. विज्ञान सगळ्यांच्याच डोक्यात शिरत नाही.

११ जून
गुडघ्याला आता कंबरही सामील. लेक डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, काही झालेलं नाही, घरी चालत जा. वाटेत लेक म्हणाली, आई, मी त्यांना नाही म्हणून कळवते. मी म्हटलं, तुझी मर्जी.
घरी आल्यावर मोरीत नळ सोडून रडली. पाणी वाया जातंय म्हणून ओरडायला गेले होते. दाराबाहेर उभी राहिले आणि तशीच परत आले.

१२ जून
सकाळी मीच म्हटलं, होय कळव. घाबरून नाही, वाचून. पुढच्या पानावर स्पष्ट दिलंय: सुटलेलं प्रथिन केंद्रकात गेलं की जी जनुकं चालू करतं, त्यांत धरणाऱ्याचंही असतं. मग ते धरणारं आत येतं आणि याला बाहेर घेऊन जातं. म्हणजे परत येतं! शास्त्रच आहे. सहा महिने, फार तर.
लेकीने मिठी मारली. तिला अजून ते पान माहीत नसावं.

१ जुलै
गेली. गुडघा बरा आहे.

१८ जुलै
लेकीचा फोन. खोलीत एक मैत्रीण आहे. जेवलीस का विचारते, उशीर झाला की ओरडते, बाहेर निघताना छत्री हातात कोंबते. अगदी तूच गं आई, म्हणाली आणि खळखळून हसली. हे गेल्यापासून असं हसणं ऐकलं नव्हतं.
फोन ठेवून ते पान पुन्हा काढलं. धरणारं प्रथिन नवं तयार होतं, असं आहे. जुन्याचं पुढे काय, ते दिलेलं नाही. बांधताना एखादं पान निसटलं असेल. यांच्या हातून असं झालं नसतं.

१९ जुलै
आज फोन करायचा नाही, असं ठरवलं. सकाळी केला नाही. दुपारी केला. मैत्रिणीने उचलला. म्हणाली, काकू, ती आत्ताच जेवायला बसलीये, बोलावू का? मी म्हटलं, नको, जेवू दे. आणि ठेवला.