माईक तपासायचं नाव

सौ. चेतना,

हे पत्र पेटीत टाकणार नाही, म्हणून अजून 'तू' म्हणतोय. मागच्या आठवड्यात शहाद्याला आमची परीक्षा झाली. कोर्स न करता हाताखाली राहून शिकलेल्या साउंडवाल्यांना, लाइटवाल्यांना आता सरकारी प्रमाणपत्र देतात. मला मिळालं. "काहीतरी कागद आण, मी आप्पांशी बोलते," असं तू म्हणायचीस, तो हा कागद. तुझ्या आप्पांचं एकच ठरलेलं होतं, "त्याले काय येस? वायरी गुंडाळस."

परीक्षेत साहेबांनी माईक तपासायला सांगितला. बाकीचे हॅलो, वन टू थ्री म्हणाले. माझ्या तोंडून सवयीनं तुझं नाव गेलं. प्रकाशा गावापासून नवापूरपर्यंत प्रत्येक मांडवात मी तेच घेत आलोय. साहेबांनी विचारलं, "हाच शब्द का?" मी म्हटलं, "'च'ला शिट्टी पकडता येते, 'न'ला आवाज घुमतो का ते कळतं." साहेब खूश झाले. खोटं नव्हतं ते, पण हे कारण मला फार नंतर सापडलं. नाव मी आधीपासून घेत होतो.

एकाच मांडवात घेतलं नाही, तुझ्या लग्नाच्या. तिथं हॅलो हॅलो करून उरकलं आणि मंगलाष्टकांत माईक शिट्ट्या मारत राहिला. तुझा भाऊ हेमराज धावत आला, "मशीन बिघडनं का रे तुन्हं?" मशीन चांगलं होतं. आप्पा स्टेजवरून माझ्याकडे बघत होते, आणि माझ्याबद्दल ते जे म्हणायचे, ते मीच सगळ्या मांडवाला ऐकवत होतो.

तुझ्या लग्नातला साउंडवाला,
धर्मेंद्र