वरच्या कडेचा निळा डाग

प्रिय फौजदारबाई,

लहानपणी घरभर हुकूम सोडत फिरायचीस म्हणून पडलेलं हे नाव तुला अजूनही शोभतं. परवाचा हुकूम पोचला, की आई, ते डबडं फेकून दे, मी नवा लॅपटॉप पाठवतेय. डबडं सध्या दुरुस्तीच्या दुकानात आहे, म्हणून हे हाताने लिहितेय. खरं सांगायचं तर एवढंच कारण नाही. फोनवर आपला एक करार आहे ना. मी दुसरं लग्न केलं तेव्हा तू म्हणाली होतीस, तुझं सुख तू बघ, पण माझ्याशी बोलताना त्यांचा विषय काढायचा नाही. मी तो करार अक्षरशः पाळला. आज लॅपटॉपच्या निमित्ताने तो थोडा मोडणार आहे. रागाव हवं तर, पण पत्र मध्येच ठेवू नकोस.

दुकानातल्या माणसाला इथे सगळे डॉक्टरच म्हणतात. त्याने लॅपटॉप पालथा घालून उघडला आणि मी बघतच राहिले. आत माझ्या शिवणाचे दोरे, पडद्याच्या झालरीतला एक मणी, आणि तुझ्या परीक्षांच्या काळातला बिस्किटांचा चुरा. तेवढ्याशा जागेत आपलं सगळं घर नांदत होतं. डॉक्टर म्हणाला, बिजागरी बदलून देतो, पण ती ज्यात बसते ते प्लॅस्टिकच तडकलंय. टिकली तर वर्षानुवर्षं टिकेल, नाहीतर कुणी जोरात शिंकलं तरी निखळेल. वर म्हणाला, माझ्या गुडघ्यांचं पण तसंच आहे बघा. मग त्याने विचारलं, दुरुस्त करू की नवा घेताय? मी म्हटलं, मुलीला विचारून सांगते.

घरी येताना सारखे तुझे बाबा आठवत होते. लॅपटॉप आणला त्या दिवशी त्यांनी तुला तासभर हात लावू दिला नाही. कुठलीही नवी वस्तू आधी उघडमीट करून बघायची त्यांना खोड. छत्री असो, कपाट असो, चष्म्याची डबी असो. झाकण उघडायचे, मिटायचे, परत उघडायचे, आणि तू बाजूला पाय आपटत उभी. मला वाटतं बिजागरी खिळखिळी व्हायची सुरुवात त्याच दिवशी झाली. ते गेल्यावर तू नोकरीसाठी लांब गेलीस, नवा लॅपटॉप घेतलास आणि हा माझ्याकडे राहिला. कितीतरी दिवस मी तो उघडलाच नाही. दुपारी त्यावर ऊन यायचं आणि हळूहळू सरकत भिंतीवर जायचं, मी शिवता शिवता ते बघत बसायचे. घर इतकं शांत असायचं, की सुई टेबलावर ठेवली तरी ऐकू यायची.

आता त्या खोलीला टर्पेंटाइनचा वास असतो. एवढं सांगते, सहन कर. ज्यांचा विषय काढायचा नाही ते दुकानांच्या पाट्या रंगवतात हे तुला माहीत आहे, पण काचेवर कसं रंगवतात ते नसेल माहीत. दुकानाच्या आत उभं राहून काचेच्या मागून अक्षरं काढायची, तीही उलटी. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला ती सुलटी दिसतात आणि रंगवणारा दिसत नाही. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही का येत असं मागे उभं राहायचा? ते म्हणाले, अक्षर नीट वाचता आलं म्हणजे झालं, माझं थोबाड कशाला बघायचंय लोकांना?

बिजागरी मोडली तो रविवार तुला आठवत असेल. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता झाकण माझ्या हातावर आपटलं आणि तू ओरडलीस, आई, कुठे गेलीस? नंतर मी मागे पुस्तकं लावून पाहिली, इस्त्री लावली, पिठाचा डबासुद्धा लावला. पण त्याची खोड अशी, की झाकण एका ठराविक तिरकेपणातच धरावं लागतं. जरा इकडे झालं की पडदा काळा, जरा तिकडे झालं की परत काळा. आणि माझे दोन्ही हात तर शिवणात. पुढच्या रविवारी चित्र स्थिर आलं तेव्हा तू म्हणालीस, जमलं वाटतं. मी म्हटलं, हो, जमलं.

त्यानंतरच तुला तो डाग दिसायला लागला. चित्राच्या वरच्या कडेला पुसटसा निळा. पुढच्या वेळी पिवळा, कधी हिरवा, आणि एकदा तर चक्क सोनेरी. तू लगेच निदान केलंस, कॅमेरा गेलाय, आता पडदाही जाणार, डबडं बदल. मी मान डोलावली. मधूनच मी भुवया उडवते म्हणून तू मला हसायचीस, तेव्हा मीही तुझ्याबरोबर हसायचे.

अगं, तो डाग म्हणजे त्यांचं बोट आहे. तुझा फोन यायच्या आधी ते घासून घासून हात धुतात, पण नखाशी रंग राहतोच. मग टेबलाच्या पलीकडे, झाकणाच्या मागे उभे राहतात आणि आपलं बोलणं संपेपर्यंत झाकण धरून ठेवतात. त्यांना पडदा दिसत नाही, म्हणून मी भुवयांनी सांगते, जरा वर, जरा खाली. मी म्हटलं होतं, थोडा वेळ मी धरते, तुम्ही जरा पुढे येऊन बसा की. तर म्हणाले, तिने नको म्हटलंय ना, मग नको. मी मागेच बरा. तुझा चेहरा त्यांना ठाऊक आहे तो भिंतीवरच्या कॉलेजातल्या फोटोतला. तू केस कापलेस हेही त्यांना तुझ्या बोलण्यातूनच कळलं. नोकरी गेल्याचं सांगताना तू रडलीस, तेव्हा चित्र थरथरायला लागलं आणि तू म्हणालीस, नेटवर्क खराब आहे. नेटवर्क चांगलं होतं, बाळा. त्या दिवशी बेकरीची पाटी अर्धीच राहिली. आणि नव्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये साहेबांबरोबर अडकल्याची गोष्ट सांगितलीस, तेव्हा चित्र वरखाली नाचत होतं, ते त्यांचं हसू होतं. आवाज न करता हसायला ते तुझ्यामुळे शिकले.

तुझा हुकूम मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, बरं झालं, आता रविवारी मी जरा फिरून येत जाईन. आणि धुतलेलाच ब्रश परत धुवायला घेतला. मला फार वाईट वाटलं. मला तू हवी आहेस आणि तेही हवे आहेत, आणि तुम्ही दोघं एकाच खोलीत असताना मी एकाला झाकणामागे लपवते, हे मला आता सोसवत नाही. म्हणून डॉक्टरला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. जुना दुरुस्त कर म्हणालीस तर करीन, नवा पाठवलास तर नवा वापरीन, त्याबद्दल माझा काही हट्ट नाही. पण दोन्हीत झाकण आपलं आपण उभं राहणार आणि ते धरायला मागे कुणी लागणार नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र. रविवारी टेबलाशी एकच खुर्ची मांडू, की दोन?

वाट बघणारी, तुझीच,
आई