डबा काढल्यावर

बाबा, तुम्ही कधी न पाहिलेल्या एका कामाबद्दल लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा मला पुण्यात नोकरी लागून पाच महिने झाले होते. काय करते म्हणून तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी "कॉम्प्युटर तपासते" एवढ्यावर भागवलं. तुम्ही पुढं विचारलं नाहीत. जन्मभर टेलिफोनच्या लाइनी तपासलेल्या माणसाला तपासणं म्हणजे काय हे कळेल, असं तेव्हा माझ्या मनात आलं नाही. तुम्हाला माझ्या सहकाऱ्यांपेक्षा लवकर कळलं असतं. आता एकोणीस वर्षांनी सांगते.

कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवायची डिस्क असते. ती एका पातळ केबलनं जोडलेली असते, आणि त्या केबलमधून सगळं एकामागून एक जातं, एका वेळी एकच बिट. एक तुकडा गेला की पलीकडून उत्तर येतं: मिळालं. किंवा: मिळालं, पण बिघडलेलं. बिघडलेलं असेल तर तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. आधी कोणी बोलायचं, किती थांबायचं, उत्तरच आलं नाही तर काय करायचं, याचे नियम ठरलेले आहेत. डिस्क ते नियम पाळते की नाही हे मी बघते. त्यासाठी केबल मधे तोडून एक यंत्र बसवतात. ते दोन्हीकडचं ऐकतं, सगळं लिहून ठेवतं, स्वतः काही बोलत नाही. त्याचं नाव प्रोटोकॉल अॅनलायझर. आई त्याला डबा म्हणते.

डबा रिसोडच्या आपल्याच घरात आहे, पुढच्या खोलीत, तुमच्या लोखंडी टेबलावर. चार वर्षांपूर्वी लकव्यानं आईची उजवी बाजू गेली. मी तीन महिन्यांसाठी आले. कंपनीनं सगळं सामान कुरिअरनं पाठवून दिलं. तेव्हा माझ्यासारखं काम करणारी माणसं कमी होती आणि त्यांना मी हवी होते. तीन महिन्यांचे सहा झाले. त्यानंतर मोजणं सोडलं. आईच्या पलंगापासून माझ्या खुर्चीपर्यंत सहा पावलं आहेत. सकाळी तिचं अंग पुसायचं, कूस बदलायची, एक चाचणी लावायची, भाकर कुस्करून भरवायची, चाचणी बघायची, पुन्हा कूस बदलायची. शेजारच्या काकू दुपारी दोन तास येऊन बसतात, तेवढ्यात मी भाजी आणि औषधं आणते. एसटी स्टँडवरून जाताना मंगरूळची, अकोल्याची, पुण्याची गाडी लागलेली असते. मी पाट्या वाचते आणि घरी येते.

आईचं बोलणं मात्र शाबूत आहे. डब्यावरचे दिवे हिरवे असले की विचारते, "कोनाचं बोलनं आयकून राह्यली वं?" मी म्हणते, डिस्कचं. "काय म्हणते ते?" मी म्हणते, मिळालं म्हणते. "दिवसभर तेच?" "दिवसभर तेच." "मंग तुह्यापेक्षा माहं बरं," ती म्हणते, "मी दोन गोष्टी तरी सांगतो तुले." हसताना तिचं तोंड डावीकडे ओढलं जातं. मीही हसते. आमचं बरं चालतं, बाबा. ते मुद्दाम लिहिते आहे, पुढचं वाचून तुम्हाला वेगळं वाटू नये म्हणून.

मागच्या महिन्यात बारा डिस्क आल्या. नवं मॉडेल. दवाखान्यांत एक्स-रेसारख्या तपासणीची जी मशीनं असतात, त्यांत त्या बसणार होत्या. आमची पद्धत अशी की आधी डबा न लावता डिस्क सरळ जोडायची, पूर्ण एक दिवस चालवायची, आणि किती तुकडे बिघडून परत गेले त्याचा डिस्कच्या आतला आकडा बघायचा. मग डबा लावून तेच पुन्हा करायचं. मी पहिला दिवस गाळला. वीज जात होती, इन्व्हर्टर एक दिवस धरत नव्हता, चाचणी मधेच तुटून पहिल्यापासून लावावी लागत होती, प्रत्येक डिस्कला दोन-दोन दिवस देणं जमत नव्हतं. आणि इतक्या वर्षांत दोन्ही दिवसांच्या आकड्यांत मी फरक पाहिलेला नव्हता. सगळ्या बारा डिस्क डबा लावूनच तपासल्या. एकही तुकडा बिघडला नाही. मी अहवाल लिहिला: दोष नाही. खाली माझं नाव. पुण्याहून साहेबांचा फोन आला. ते माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. म्हणाले, "मॅडम, एकदम क्लीन रिपोर्ट. घरच्या सेटअपवर इतकं नीट काम होतं का म्हणून इथे लोक विचारतात ना, त्यांना हाच दाखवतो."

अहवाल गेल्यावर आठ दिवसांनी दुपारी आईला धाप लागली. वीज नव्हती. इन्व्हर्टरचं एकच सॉकेट आहे, त्यात डबा होता. मी त्याची पिन काढली आणि आईचं वाफ द्यायचं मशीन लावलं. त्या बारांतली एक डिस्क अजून टेबलावर होती, ती रिकामी का ठेवायची म्हणून केबल सरळ कॉम्प्युटरला जोडून तीच चाचणी सुरू केली. कॉम्प्युटर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर होता. पंधरा मिनिटं आईजवळ बसले. तिचा श्वास खाली आला. मग उठून पाहिलं तर आकडा वाढत होता. मिळालं पण बिघडलेलं. पुन्हा. मिळालं पण बिघडलेलं. मी केबल बदलली. दुसरी डिस्क लावली, तिसरी लावली. वीज आल्यावर डबा मधे बसवला. सगळं थांबलं, स्वच्छ. डबा काढला, पुन्हा सुरू.

त्याचं कारण मला माहीत होतं. कॉलेजातली पोरंसुद्धा सांगतील. डबा नुसता ऐकत नाही. आलेला क्षीण सिग्नल तो आत घेतो आणि पुढं पाठवताना नव्यानं, जोरात पाठवतो. या डिस्कचा आवाजच दबका आहे. मधे डबा असला की तो पोचतो, नसला की फाटतो. दवाखान्याच्या मशीनमध्ये डबा नसणार. तिथे आधी काम सावकाश होईल, मग एखाद्या दिवशी डिस्क बोलायचीच थांबेल, आणि कोणाच्या तरी छातीचा फोटो अर्धाच राहील.

तेव्हा मला रिठद आठवलं. तुमच्या खात्यात मी महिनाभर ट्रेनिंगला होते, डिप्लोमाचं दुसरं वर्ष. रिठदला स्टँडजवळ एसटीडी बूथ होता, त्याचा मालक दर चार दिवसांनी खरखरीची तक्रार करायचा. आपण तुमच्या स्कूटरवर जातो आहोत, तारांची पिशवी माझ्या मांडीवर. तुम्ही बाहेर खांब बघताय, मला म्हणालात, आतून लाइन तपास. मी तुमचा चाचणीचा फोन तारांना अडकवते. आवाज स्वच्छ. तक्रारीच्या कागदावर मी लिहिते: दोष नाही. बूथवाला हात जोडतो. "साहेब, हे असंच होते पाहा. तुमी आले का फोन सासुरवाडीले आल्यावानी गुमान राह्यते. तुमी गेले का पुन्हा बोंबलते." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. कागद घेतलात, वाचलात, आणि त्याच्यासमोरच मला म्हणालात, "तू फोन लावला म्हणून बरी झाली लाइन. आता तू उभी राह्यशीन का इथं जलमभर?"

तुम्ही शिडी लावलीत, खांबावरचा सांधा उघडलात आणि मला वर बोलावलंत. तार हिरवी पडली होती. "याच्यातून जरा करंट गेला का गंज फुटते, तेवढ्यापुरतं जुळते. आपून तपासतो तवा करंट जाते. म्हणून आपल्याले नेमी बरीच दिसते." मग तुम्ही तो सांधा कापलात. खाली उतरून कागदावरचं माझं वाक्य खोडलंत आणि पेन माझ्या हातात दिलंत. काय लिहायचं ते सांगितलं नाहीत. परत येताना मी इतकी रुसले होते की स्कूटरवर मागं तोंड करून बसले नव्हते एवढंच. घरी आल्यावर तुम्ही आईला सांगितलंत, "पोरगी खांबावर चढली आज." रागावलेलं सांगितलं नाहीत. तेव्हा मला ते पुरेसं वाटलं नव्हतं.

हे आठवून मी लगेच मेल लिहायला हवा होता. दवाखान्यांसाठीची डिस्कची खेप निघायला आठवडा होता. लिहिलं नाही. लिहिलं तर काय होणार ते मला माहीत होतं. घरच्या सेटअपवर चूक झाली असं एकदा कागदावर आलं की सामान परत मागवतील आणि मला पुण्याच्या लॅबमध्ये बसायला सांगतील. दुसरी कुठली नोकरी या टेबलावर येणार नाही. आईला पुण्याला न्यायचं, तिसऱ्या मजल्यावर, परवडेल अशा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. किंवा मंगरूळला मावशीकडे ठेवायचं. मावशी दोन वर्षांपासून आणून सोड म्हणते. मी आडून विचारून पाहिलं. आई म्हणाली, "मंगरूळले? तिच्या सुनेच्या हातचं खायले? ते पोरगी मीठ टाकत नाही नं नजर टाकते." मग थोड्या वेळानं, भिंतीकडे तोंड करून, "मले इथून हालवू नको वं. बाकी काहीबी कर."

पाच दिवस मी डबा लावून चाचण्या करत राहिले. मधे डबा होता तोवर सगळं ठीक होतं. काकू म्हणाल्या, "आजकाल जेवत नाही तू, चेहरा पाह्य कसा झाला." आईची कूस बदलताना एकदा माझा हात सटकला आणि तिचं कोपर पलंगाच्या दांडीला लागलं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "थकली तू." मी नाही म्हटलं. तेवढं एकच उत्तर माझ्याजवळ तयार असतं.

सहाव्या दिवशी, काकू आईजवळ असताना, मी मेल पाठवला. चाचणीचा पहिला टप्पा मी केला नव्हता, डब्याशिवाय दोष दिसतो, अहवाल मागे घ्यावा. मी, असं लिहिलं. आमच्याकडून, असं नाही. अर्ध्या तासात फोन आला. साहेबांनी आधी डिस्कचे नंबर विचारून घेतले. मग म्हणाले, "खेप थांबवली आहे. बरं झालं सांगितलंत. पण मॅडम, आता घरून नाही चालणार, हे तुम्हाला कळतं ना?" मी म्हटलं, कळतं. पंधरा दिवसांनी रुजू व्हायचं आहे. आईला मंगरूळला न्यायला मावशीचा मुलगा रविवारी जीप घेऊन येईल. आईला मी सांगितलं, कंपनीनं बोलावलं. तिनं डाव्या हातानं पलंगाची दांडी धरली. मग म्हणाली, "कंपनीचं काय, कंपनीले काय माय असते?" आणि मी तिला तसंच समजू दिलं, की कंपनीनं केलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलं लिहिते. मी खरं तेच कळवलं, आणि तुम्ही असतात तर तेच करायला लावलं असतंत. त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या दुपारी, आईच्या तोंडावर वाफेचा मास्क होता आणि पडद्यावर आकडा वाढायला लागला, तेव्हा भीती नंतर आली, बाबा. आधी मला बरं वाटलं. क्षणभरच, पण अंगभर. आता इथून जावं लागेल, असं वाटलं.