आधी तू झोप

चामराजपेट, बेंगळुरू
२१ जून २०२५

प्रिय अभी,

तुला आणि वेदिकाला आशीर्वाद.

कुरिअरचं पाकीट बघून दचकू नकोस. अव्वा चांगली आहे. सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसते आणि खालच्या फुलवाल्याशी भाव करते, घ्यायचं काही नसलं तरी. गुडघे कुरकुरतात, बाकी तक्रार नाही. फोन केला असता, पण आप्पांच्या वर्षश्राद्धाहून तू रागावून गेलास तेव्हापासून आपण फोनवर सणाच्या शुभेच्छांपलीकडे जात नाही. गेलोच तर भांडतो. अव्वाने सांगलीला लेकाकडे राहायचं की इथे लेकीकडे, माझ्याकडे, तिथेच सगळं अडतं. कागदावर निदान मला मधेच कुणी तोडत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर श्वेता नावाची डॉक्टर राहते. धारवाडची, मराठी छान बोलते. तिच्या हॉस्पिटलात एक अभ्यास चाललाय. विशीपासून ऐंशीपर्यंतच्या निरोगी माणसांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या सोनोग्राफीने बघायच्या आणि वयाबरोबर रक्ताचा वेग कसा बदलत जातो ते मोजायचं. तरुण मुलं हवी तेवढी मिळतात. पंचाहत्तरी ओलांडलेलं निरोगी माणूस मिळता मिळत नाही. तिने अव्वाला विचारलं. अव्वा काय खूश! "म्हणजे मी धडधाकट आहे हे आता डॉक्टरच सांगणार," म्हणून शेजारीपाजारी सांगत सुटली.

मंगळवारी तिथे गेल्यावर मात्र घाबरली. अंधारलेली खोली, खाटेशेजारी यंत्र. आप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा अशाच खोलीत नेलं होतं. माझा हात सोडेना.

"वीणा, आधी तू झोप. तुला काही होत नाही ना बघते, मग मी."

श्वेता हसली. "सरी, चालेल अक्का, या तुम्हीच आधी. तुमच्या वयाचीही माणसं हवीच आहेत."

म्हणून मी झोपले. अव्वाची भीती जावी एवढ्याचसाठी.

मानेला गार जेल लावून ती यंत्राचा तुकडा फिरवायला लागली. उजव्या बाजूला रक्ताचा आवाज आला, कुणी सावकाश केर काढावा तसा. श्वेता अव्वाला पडद्यावरच्या लाटा दाखवत होती. मग डावी बाजू. तिथे एका जागी आवाज बारीक झाला, शिट्टीसारखा. श्वेता बोलायची थांबली. पुन्हा पुन्हा तिथेच फिरवत राहिली.

"अक्का, इतक्यात कधी उजवा हात बधिर झाला होता? बोलताना शब्द अडले?"

"नाही," मी म्हटलं.

"झालं होतं की," अव्वा स्टुलावरून म्हणाली. "गेल्या आठवड्यात हातातून तांब्या पडला. मला हाक मारायला गेली तर तोंडातून नुसतं 'अ... अ'. थोड्या वेळाने बरी झाली. उपासामुळे झालं म्हणाली."

श्वेताने माझ्या कपाळावर हात ठेवला. वय वाढलं की रक्ताचा वेग हळूहळू कमी होतो, म्हणाली. पण वाट अरुंद झाली की त्या जागी रक्त उलट जोरात धावतं. माझी डावी धमनी बरीचशी बंद झाली आहे.

मग अव्वा मुकाट्याने खाटेवर झोपली. तिचं सगळं उत्तम निघालं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत तिने माझा उजवा हात धरून ठेवला होता.

गोळ्या लगेच सुरू केल्या. येत्या शुक्रवारी ऑपरेशन आहे. धमनी उघडून आत साचलेला थर काढायचा. नाही केलं तर आप्पांसारखं होण्याची भीती फार, असं सर्जन म्हणाले. करतानाही थोडा धोका आहे. उजवा हात जाऊ शकतो, बोलणं जाऊ शकतं. त्यांनी काही लपवलं नाही, मलाही तुझ्यापासून लपवायचं नव्हतं. तरी बघ, फुलवाल्यापासून सुरुवात करून इथवर यायला मला किती वेळ लागला.

तूही तपासून घे. टाळू नकोस. रक्तदाब आधी बघ. आपण एकाच बापाची मुलं.

पत्राचा शेवट मी आधी वेगळा केला होता. 'मी दवाखान्यात असताना अव्वाकडे बघायला कुणीतरी हवं, तेवढ्यासाठी येऊन जा,' असा. अव्वाने काय लिहितेस म्हणून विचारलं, तेव्हा वाचून दाखवलं.

"माझं निमित्त कशाला?" ती म्हणाली. "मला भात लावता येतो. वर श्वेता आहे. भीती तुला वाटतेय, तसं लिही."

मी पेन खाली ठेवलं.

"माझ्यासाठी आला तर तो मला न्यायला येईल, वीणा. तुझ्यासाठी आला तर राहील."

तो कागद मी फाडला, आणि हा लिहिते आहे. अभी, मला फार भीती वाटते. इतकी माणसं रोज भेटतात, पण हे सांगायला कुणी नाही. शुद्धीवर आल्यावर बोलता आलं नाही, तर माझ्या नुसत्या तोंडाकडे बघून मला काय हवंय ते ओळखणारं कुणीतरी खाटेपाशी असावं असं वाटतं. लहानपणी तू ओळखायचास.

शुक्रवारच्या आत ये. माझ्यासाठी ये.

तुझी,
वीणाक्का